बाकीचे होनराव

होनराव आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी पाणी मागितलं नाही, चहा मागितला नाही. औषधांचा डबा मागितला.

आम्ही दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. अर्धं सामान अजून खोक्यांत होतं. दार उघडलं तर समोर साठीकडे झुकलेले, उंच, खांद्यात किंचित वाकलेले गृहस्थ. अंगात बिनबाह्यांचा स्वेटर आणि हातात भिंग.

"मी होनराव. तुमच्या खालच्या फ्लॅटमध्ये असतो. जिन्यात मराठी ऐकू आलं, पाटीवर सामंत वाचलं, म्हणून वर आलो. औषधं कुठं ठेवता तुम्ही?"

माझ्या बायकोला वाटलं, खाली कुणाला तरी बरं नाही. तिनं धावत जाऊन बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. होनराव सोफ्यावर ऐसपैस बसले आणि डब्यातली एकेक पट्टी उलटी करून भिंगातून वाचू लागले. आमच्या घरात तोवर कुणी इतक्या आस्थेनं काही वाचलं नव्हतं.

"ही तापाची गोळी," ते म्हणाले. "औषध पाचशे मिलीग्रॅम. अख्ख्या गोळीचं वजन किती असेल, सामंत?"

"पाचशे मिलीग्रॅम," मी म्हणालो.

"सहाशेच्या आसपास. मग बाकीचे कोण आहेत आत? कधी विचारलंत?"

मी एका मंत्रालयात विभाग अधिकारी आहे. न विचारलेल्या प्रश्नांवरच आमचं खातं चालतं. मी नाही म्हणालो.

"बिल्कुल. कुणीच विचारत नाही," होनराव अतिशय समाधानानं म्हणाले आणि पुढचा सव्वा तास त्यांनी आम्हाला बाकीचे कोण ते सांगितलं. गोळीला आकार यावा म्हणून दुधातली साखर. ती पोटात गेल्यावर फुगून फुटावी म्हणून स्टार्च. साच्याला चिकटू नये म्हणून एक गुळगुळीत भुकटी. कडू लागू नये म्हणून वरून लेप, आणि आपण ती लाल गोळी म्हणून ओळखावी एवढ्यासाठी रंग. औषध बिचारं या सगळ्यांच्या मध्ये चिमूटभर. "त्या चिमटीला काही कळत नाही हो. तिला कुठं सोडायचं, केव्हा सोडायचं, किती हळू सोडायचं, हे बाकीचे ठरवतात. जे विरघळलं नाही ते औषध नव्हे, खडा."

एव्हाना माझी बायको आत जाऊन स्वयंपाकाला लागली होती. मला तशी सोय नव्हती.

कॉलनीत त्यांना सगळे 'बाकीचे होनराव' म्हणत, हे मला नंतर कळलं. त्यांच्या पत्नी ललितावहिनी केंद्राच्या लेखा सेवेत बड्या अधिकारी होत्या. क्वार्टर त्यांच्या नावावर होतं. होनराव औषधनिर्मितीशास्त्रात डॉक्टरेट केलेले आणि दिल्लीबाहेर मानेसरच्या एका औषध कंपनीत. पण कॉलनीतल्या लोकांच्या लेखी ते 'ललिता मॅडमचे मिस्टर'. त्याचं त्यांना काहीच वाटत नसे. त्यांना वाईट वाटे ते लोक गोळी मोडून खातात याचं. एखाद्यानं घरी जेवायला बोलावलं आणि यजमानानं जेवणाबरोबरची गोळी काढून तिचे दोन तुकडे केले की होनरावांचा घास हातात राही. "का मोडली?" ते विचारत. यजमान म्हणे, मोठी आहे, गिळवत नाही. मग पुढचं जेवण होनरावांच्या प्रवचनासोबत होई, आणि त्या घरात त्यांना पुन्हा बोलावणं येत नसे.

ललितावहिनी त्यांना घेऊन करोल बागेत साड्या बघायला गेल्या, त्या दिवसाची हकिकत तर कॉलनीभर झाली होती. वहिनी दुकानात शिरल्या आणि होनराव शेजारच्या औषधाच्या दुकानापाशी उभे राहिले. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातातली पट्टी मागून घेऊन ते त्याला समजावू लागले. शेवटी दुकानदारानं हात जोडले. "अंकलजी, दवाई लेंगे या क्लास लेंगे?" होनराव म्हणाले, "क्लास." वहिनी बाहेर आल्या तेव्हा दुकानदारानं त्यांच्यासाठी स्टूल आणि चहा मागवलेला होता, आणि गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात गेली होती.

"घरात बोलू दिलं असतं तर हे बाहेर इतके बोलले नसते," वहिनी एकदा मला म्हणाल्या. "पण मग मी कुठं जाणार होते?"

होनराव आणि दामले साहेब यांच्यातल्या वितुष्टाचा प्रसंग मात्र माझ्या डोळ्यांसमोर घडला. दामले साहेब म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे सचिव. एका महत्त्वाच्या खात्यात सहसचिव, आणि चालतानासुद्धा फाइलवर शेरा मारत असल्यासारखे. एका रविवारी मी होनरावांकडे बसलो असताना ते मिठाईचा छोटा डबा घेऊन आले. वहिनींनी हात पुढे केला, तर त्यांनी डबा मागे घेतला.

"मिठाई नाही वहिनी. पुरावा आहे."

आत टिश्यूच्या घडीवर एक गोळी होती. पूर्ण, शाबूत, किंचित फिकट. ती दामले साहेबांनी सकाळी संडासात पाहिली होती आणि, आता त्यांच्या धैर्याला दाद द्यायलाच हवी, बाहेर काढून धुतली होती.

"रोज ही रक्तदाबाची गोळी घेतो मी. तोंडातून गेली तशीच्या तशी बाहेर आली. म्हणजे इतके महिने मी काय खातोय? कंपनीवर केस करणार आहे. तुमचं तज्ज्ञ म्हणून मत हवं."

होनरावांचा चेहरा इतका उजळलेला मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. त्यांनी ती गोळी टिश्यूसकट उचलली, खिडकीशी नेली, भिंग लावलं. "सुंदर. दामले, हे रिकामं घर आहे. औषध केव्हाच निघून गेलं. हे बघा, याला एक बारीक भोक आहे, लेझरनं पाडलेलं. पाणी आत जातं, आतला थर फुगतो आणि औषधाला त्या भोकातून थोडं थोडं बाहेर ढकलतो, दिवसभर. कवच विरघळतच नाही. ते असंच बाहेर पडायला हवं."

"म्हणजे मी प्लॅस्टिक खातो?"

"प्लॅस्टिक नाही हो, कवच. कापूनच दाखवतो, आत काही नाही." असं म्हणून ते स्वयंपाकघराकडे वळले आणि ओट्यावरची भाजीची सुरी उचलली.

ललितावहिनींनी ती सुरी नंतर धुतली नाही. सरळ कचऱ्यात टाकली. आणि गोळी आतून खरंच रिकामी निघाली, तरी दामले साहेबांचं समाधान झालं नाही. सहसचिव दर्जाच्या माणसाला आपण चुकीची वस्तू संडासातून काढून धुतली हे मान्य करणं सोपं नसतं. त्या आठवड्यात त्यांनी लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगितलं, की होनराव कंपनीवाल्यांचाच माणूस, तो कंपनीच्या बाजूनंच बोलणार.

होनराव कंपनीच्या बाजूनं बोलत असते तर त्यांचं आयुष्य बरंच सोपं झालं असतं. एकदा त्यांनी मला मानेसरला त्यांची प्रयोगशाळा दाखवायला नेलं. काचेची भांडी एका रांगेत, प्रत्येकात अंगाइतकं कोमट पाणी आणि हळूहळू फिरणारं वल्हं. होनरावांनी एका भांड्यात एक गोळी टाकली. ती फुगली, तिला भेगा गेल्या आणि बघता बघता तिचा गढूळ ढग झाला. मग त्यांनी खणातून जपून ठेवलेली दुसरी गोळी काढून शेजारच्या भांड्यात टाकली. दिसायला तशीच, वजनाला तशीच. ती तळाशी जाऊन बसली. आमचा चहा संपला तरी ती तिथंच बसून होती.

"हिच्यात औषध कमी आहे?" मी विचारलं.

"एक कणही कमी नाही. भुकटी मिसळताना यंत्र गरजेपेक्षा जास्त वेळ फिरवलं. ती गुळगुळीत पूड सगळ्या कणांवर चढली. आता पाण्याला आत वाटच नाही."

तो सगळा माल त्यांनी फेकायला लावला होता. डायरेक्टरनं त्यांना बोलावून विचारलं होतं, "दवा तो पूरी है ना अंदर?" होनराव म्हणाले होते, "पूरी है सर. अंदर ही रहेगी."

माल फेकला गेला, आणि काही महिन्यांत होनरावांना बढती देऊन 'वरिष्ठ सल्लागार' करण्यात आलं. म्हणजे खिडकी नसलेली केबिन, आणि विचारल्याशिवाय सल्ला न देण्याची सूचना. त्यांना कुणी काही विचारत नसे. तिथं साठलेलं सगळं मग संध्याकाळी आमच्या कॉलनीत बाहेर पडे.

संक्रांतीच्या कार्यक्रमात त्यांना बोलायला लावायची कल्पना ललितावहिनींच्या पदामुळे आली असावी. मंडळाला हॉलची परवानगी हवी होती आणि ती वहिनींच्या ओळखीतून मिळाली होती. दामले साहेबांनी पत्रिकेत छापलं: 'आरोग्य आणि आपण, दहा मिनिटं.' बाहेर जानेवारीतलं धुकं, आत शाली पांघरलेली माणसं, कोपऱ्यात मसालेभाताची पातेली. हॉलभर साजूक तुपाचा वास सुटलेला.

समोरच्या रांगेत चौगुले काकू बसल्या होत्या. सांगलीच्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, सत्तरी ओलांडलेल्या. मुलगा प्रशांत रेल्वेत, म्हणून दिल्लीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आलेल्या. काकू जैन, सूर्यास्तानंतर जेवत नसत. त्या घरूनच जेवून आल्या होत्या. त्यामुळे त्या हॉलमध्ये पातेल्यांकडे न बघता वक्त्याकडे बघणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

होनरावांनी खिशातून एक कॅप्सूल काढली आणि सर्वांना दिसेल अशी वर धरली. मग जादूगारासारखी तिची दोन टोपणं वेगळी केली. आतले बारीक पांढरे दाणे तळहातावर ओतले.

"आत औषध आहे ते ठीक. पण हे टोपण कशाचं, माहीत आहे? बहुतेक वेळा जिलेटिनचं. आणि जिलेटिन म्हणजे काय? जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढलेला चिकट पदार्थ. तुम्ही शाकाहारी असा नाही तर नसा, रोज सकाळी हे गिळता."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. कुणीतरी हातातला तिळगूळ बशीत परत ठेवला. पहिल्यांदाच आपल्या बोलण्याचा काही परिणाम होतोय हे पाहून होनराव खुलले. त्यांनी हाडांचं आणखी सविस्तर वर्णन केलं. ती कुठून येतात, कशात भिजवतात. मग म्हणाले, "आता या दाण्यांकडे या. खरी गंमत दाण्यांची आहे. यांच्यावर—"

दामले साहेब उठले आणि टाळ्या वाजवू लागले. "होनराव साहेबांनी अतिशय माहितीपूर्ण, म्हणजे जरा जास्तच माहितीपूर्ण भाषण केलं. आभार. चलो, जेवण गरम आहे."

"दामले, दोन मिनिटं. दाण्यांचं महत्त्वाचं आहे."

"दाणे भातात पण आहेत," दामले म्हणाले आणि लोक मनमोकळे हसले. खुर्च्या सरकल्या, पाठोपाठ रांग लागली. होनराव एका हातात टोपणं आणि दुसऱ्या तळहातावर दाणे घेऊन थोडा वेळ माइकपाशी उभे होते. मग न जेवताच घरी गेले. चौगुले काकू रांग लागताच निघून गेल्या होत्या.

चार-पाच दिवसांनी सकाळीच प्रशांतनं माझं दार वाजवलं. काकू न्हाणीघरात पडल्या होत्या. हात मोडला होता, आणि शुद्ध अर्धवट होती. माझ्या गाडीतून आम्ही त्यांना सरकारी रुग्णालयात नेलं. निघताना आवाज ऐकून होनराव खाली आले आणि न विचारता पुढच्या सीटवर बसले.

तातडीच्या विभागात तरुण डॉक्टर होता. नाडी फार मंद, रक्तदाब खाली. त्यानं प्रशांतला विचारलं, "दवा ज़्यादा तो नहीं ली?" प्रशांत म्हणाला, रोजची एकच, तीच, दोन वर्षं चालू आहे. त्यानं पट्टी दाखवली. होनरावांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. ते काकूंच्या उशाशी गेले.

"काकू, कॅप्सूल कशी घेता?"

काकूंनी डोळे अर्धवट उघडले. आवाज क्षीण होता, पण सूर वर्गातलाच. "तुम्ही सांगितलंत ना? टोपण टाकून देते."

"आणि दाणे?"

"ते दातांत अडकतात. खलात बारीक करते आणि दुधातून घेते."

होनरावांना मी इतक्या कमी शब्दांत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ते डॉक्टरकडे वळले. "हर दाने पर परत होती है. चौबीस घंटे में धीरे-धीरे छूटने वाली दवा है. इन्होंने पीस दी. पूरी एक साथ छूट रही है."

डॉक्टरनं एकदा त्यांच्याकडे, एकदा पट्टीकडे पाहिलं आणि नर्सला हाक मारली. त्यानंतरचं सगळं भराभर झालं. दुपारपर्यंत नाडी सावरली. डॉक्टर म्हणाला, वेळेवर कळलं.

प्रशांतला मात्र दुसरंच कळलं होतं. त्यानं व्हरांड्यात होनरावांना गाठलं. "काका, तुमच्यामुळे झालं हे. कुणी विचारलं होतं तुम्हाला टोपण कशाचं असतं ते? दोन वर्षं घेत होती ती. सुखानं घेत होती."

दाण्यांचं सांगायचं राहिलं होतं, दामल्यांनी थांबवलं, हे म्हणायचा त्यांना पुरता हक्क होता. मी ते म्हणायला तोंड उघडलं तर त्यांनी माझा दंड धरला.

कॉलनीनं तर निकाल त्याच संध्याकाळी दिला. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर दामले साहेबांनी 'अर्धवट माहितीचे दुष्परिणाम' या विषयावर चार परिच्छेद लिहिले. माहिती अर्धवट कुणी ठेवली, याबद्दल त्यांत काही नव्हतं. भाताचाही उल्लेख नव्हता. ज्यांनी दाण्यांवरच्या विनोदाला सर्वांत मोठं हसून दाद दिली होती, त्यांनीच हात जोडलेल्या चिन्हांच्या रांगा टाकल्या. मंडळानं ठरवलं की पुढच्या वर्षी व्यवस्थित वक्ता बोलवायचा. तसा बोलावलाही. त्यानं हळदीबद्दल दोन-तीन धडधडीत खोट्या गोष्टी सांगितल्या, पण वेळेत संपवलं. दामले साहेबांनी त्याला शाल दिली.

तिकडे रुग्णालयात दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं काकूंना कॅप्सूलऐवजी गोळी लिहून दिली. प्रशांत होनरावांना खोलीत येऊ देत नव्हता, म्हणून मी त्या गोळीचं नाव त्यांना बाहेर येऊन सांगितलं. त्यांनी तिथंच बाकावर बसून फोन सुरू केले. कुणा जुन्या विद्यार्थ्याला, त्यानं सांगितलेल्या कुणाला तरी, मग ती गोळी बनवणाऱ्या बद्दीच्या कारखान्यात. मला आधी वाटलं, गोळीच्या गुणाची चौकशी चालली आहे.

"गोळी उत्तम आहे," ते म्हणाले. "पण ती गुळगुळीत भुकटी दोन प्रकारे मिळते. कधी वनस्पतीच्या तेलापासून, कधी प्राण्याच्या चरबीपासून. हिच्यात कुठली आहे ते पट्टीवर लिहीत नाहीत."

दुपार उलटल्यावर फोन आला. होनरावांनी दोनदा विचारून खात्री केली. वनस्पतीची होती. ते बाकावर मागे टेकले आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"आणि चरबीची निघाली असती तर?" मी विचारलं.

"तर पुन्हा बोलावं लागलं असतं," ते म्हणाले.

नंतरचे काही दिवस होनराव कुणाशी बोलले नाहीत. सकाळी मान खाली घालून कंपनीच्या बसकडे जात, संध्याकाळी तसेच येत. आमच्या कॉलनीत लोक बिनधास्त गोळ्या मोडून खाऊ लागले. ललितावहिनी मला जिन्यात भेटल्या तेव्हा दमलेल्या दिसत होत्या. "घर इतकं शांत आहे की मला झोप लागत नाही. इतकी वर्षं मी ह्यांना गप्प बसवत आले, सामंत. बसले तर बघवत नाही."

मग एका रविवारी प्रशांत खाली आला, माझ्याकडे. "आई बोलावतेय. होनराव काकांना. मी नाही म्हटलं, पण ती ऐकत नाही." मी होनरावांना घेऊन वर गेलो. ते पायऱ्या चढताना परीक्षेला निघाल्यासारखे दिसत होते.

काकू खुर्चीत बसल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये. "बसा," त्या म्हणाल्या. आम्ही बसलो. प्रशांत दारात हाताची घडी घालून उभा राहिला.

"तुम्ही खोटं काही बोलला नाहीत," काकू म्हणाल्या. "मी दोन वर्षं काय गिळत होते ते मला कळलं, हे बरंच झालं. प्रशांतला तसं वाटत नाही. पण तोंडात माझ्या जात होतं, त्याच्या नाही."

"काकू, मी दाण्यांचं सांगणारच होतो. मला मध्येच थांबवलं."

"मी तिथंच होते. बघितलं मी." काकूंनी मोडका हात मांडीवर नीट ठेवला. "होनराव, मी जन्मभर वर्ग शिकवला. घंटा कधी होईल हे आपल्या हातात नसतं. जे कळलं नाही तर माणूस मरेल ते आधी सांगायचं. हाडं, कातडी, गंमत, ते सगळं उरलेल्या वेळात. तुम्ही उलटं केलंत. का केलंत?"

होनराव अगदी हळू म्हणाले, "लोक ऐकत होते. पहिल्यांदाच."

काकूंनी मान डोलावली. त्यांना ते उत्तर पटलेलं दिसलं. निदान खरं वाटलेलं दिसलं. त्यांनी शेजारच्या टेबलावरची नवी पट्टी उचलून त्यांच्यापुढे धरली. "ही चालेल मला?"

होनरावांनी ताबडतोब होकारार्थी मान हलवली.

"एवढ्यात? वाचलीसुद्धा नाहीत."

मग मी व्हरांड्यातल्या फोनांची हकिकत सांगितली. काकू ऐकत राहिल्या. प्रशांतनं दारातली हाताची घडी सोडली आणि आत जाऊन पाण्याचे ग्लास आणले.

"यापुढे माझी औषधं तुम्ही बघायची," काकू शेवटी म्हणाल्या. "पण एक अट. बोलायचं नाही. चालत असेल तर होकार, नसेल तर नकार, मानेनंच. मला आता व्याख्यान झेपत नाही."

ही अट होनरावांनी पाळली. दर रविवारी ते वर जात. काकू पट्ट्या एकेक करून पुढे धरत, ते भिंगातून वाचत आणि मान हलवत. मी एकदोनदा हजर होतो. प्रशांतनं आईसाठी पाण्यात फसफसणाऱ्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची नळी आणली होती. काकूंनी ती नळी पुढे केली, तेव्हा होनरावांनी इतक्या जोरानं मान हलवली की चष्मा निसटला. कान लाल झाले, ओठ दाबलेले. काकूंनी नळी निमूट बाजूला ठेवली. खाली येताना लिफ्टचं दार बंद होताच ते माझ्यावर तुटून पडले. "फसफसायला सोडा लागतो, सामंत. सोडा म्हणजे सोडियम. रक्तदाबाच्या माणसाला रोज मीठ पाजायचं, आणि नळीवर फोटो संत्र्याचा." लिफ्ट खाली पोचली तरी ते थांबले नाहीत. आम्ही दोनदा वर-खाली केलं. 

बदल एवढाच झाला की इतर कुणाशी बोलताना आता ते पहिलं वाक्य कामाचं बोलत. "ही मोडू नका." "ही उपाशीपोटी नको." पुढचं सगळं पूर्वीसारखंच लांबलचक. पण पहिल्या वाक्यानंतर पळून गेलेल्या माणसाचंही नुकसान होत नसे. दामले साहेबांना मात्र त्यांनी कधी काही सांगितलं नाही, आणि दामले साहेबांनी कधी काही विचारलं नाही. दामले साहेब अजून त्याच गोळ्या घेतात, असं ऐकतो. आता ते संडासात बघत नाहीत.

ललितावहिनी निवृत्त झाल्या आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. पुण्याला बाणेरमध्ये त्यांचं घर होतं. सामानाचा ट्रक सकाळपासून गेटपाशी उभा होता. होनरावांनी कंपनी त्याआधीच सोडली होती. निरोप-समारंभात त्यांना भाषण करू दिलं नाही, असं वहिनी म्हणाल्या.

मी ऑफिसला निघालो तेव्हा ट्रक जवळपास भरला होता. एवढ्यात चौगुले काकू लिफ्टमधून उतरल्या, प्रशांतच्या हाताला धरून. त्यांच्या मुठीत काहीतरी होतं. होनरावांनी सवयीनं भिंग काढलं आणि मुकाट्यानं हात पुढे केला.

काकूंनी मूठ उघडली. रिकामी होती.

"आज काही दाखवायचं नाही," काकू म्हणाल्या. "मला ऐकायचंय. त्या दिवशी दाण्यांचं काय सांगणार होतात? पहिल्यापासून सांगा."

होनरावांनी ट्रककडे पाहिलं. वहिनींकडे पाहिलं. वहिनी टॅक्सीत बसल्या होत्या; त्यांनी खिडकीची काच वर केली आणि ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं. त्यानं इंजिन बंद केलं.

ट्रकमध्ये चढवायची राहिलेली खुर्ची प्रशांतनं काकूंना दिली. होनराव पुस्तकांच्या एका खोक्यावर बसले. मी गाडी गेटबाहेर काढली. रस्त्यावर वळताना आरशात पाहिलं तर हमाल फुटपाथवर बसून बिड्या ओढत होते, काकू हनुवटी हातावर टेकून ऐकत होत्या, आणि होनराव बोलत होते. त्यांचा उजवा हात स्वतःच्या गळ्यापाशी होता. म्हणजे कॅप्सूल अजून पोटातही पोचली नव्हती.